तपासणी मैदानाबाहेर व्हावी

माजलगाव तालुक्यातल्या राजेगावचे ललित साळवे २०१० साली बीड पोलीस दलात आले, तेव्हा त्यांची नोंद ललिता या नावाने, महिला शिपाई म्हणून झाली होती. काही वर्षांनी शरीरातले बदल जाणवू लागले, तपासण्या झाल्या, वाय गुणसूत्र आढळलं. २०१७मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली आणि खात्याने ती नाकारली. महिला आणि पुरुष शिपायांच्या भरतीचे शारीरिक निकष वेगळे आहेत. महिलांच्या निकषांवर निवडलेल्या व्यक्तीला पुरुष म्हणून सेवेत कसं ठेवायचं, ही खात्याची अडचण होती.

बातमी वाचून आमच्या बीड जिल्ह्यात पुष्कळांना हा निव्वळ आडमुठेपणा वाटला. मला तसं वाटलं नाही. क्रीडाशिक्षक म्हणून माझी हयात टेप आणि स्टॉपवॉच हातात घेऊन गेली. भरतीची तयारी करणारी मुलंमुली पहाटे शाळेच्याच मैदानावर यायची. आजच्या निकषांत मुलांना उंची १६५ सेंटिमीटर लागते, मुलींना १५५. मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ज्या अडथळ्यांवरून झेप घेतो ते ९१.४ सेंटिमीटर उंच असतात, पारुल चौधरीसमोरचे ७६.२. तरीही अविनाशची पॅरिसमधली २०२४ची वेळ ८ मिनिटं ९.९१ सेकंद आहे, आणि पारुलने बुडापेस्टला २०२३मध्ये राष्ट्रीय विक्रम केला तो ९ मिनिटं १५.३१ सेकंदांचा. मेहनतीत ती कुठे कमी नाही. वयात येताना हाडं, स्नायू आणि रक्त यांची वाढ वेगळी होते, त्याचा हा फरक आहे. स्त्रियांचा गट राखला नाही, तर पदक सोडाच, अंतिम फेरीही त्यांच्या वाट्याला यायची नाही. पात्रतेची रेघ हवी, हे मी कुणाच्या भिडेखातर नाकारणार नाही.

साळवे उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. मग मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं, परवानगी मिळाली आणि मे २०१८मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ते पुरुष शिपाई म्हणून कामावर परतले, २०२०मध्ये लग्न झालं, २०२४मध्ये मुलगा झाला. पोलीस खात्याला हे जमलं, कारण तिथे मोजमाप दारात एकदा होतं. नंतर माणूस बंदोबस्ताला जातो, गस्त घालतो. खेळात मोजमाप हेच काम असतं आणि ते दर शर्यतीला होतं. म्हणून साळव्यांना मिळालेला तोडगा धावपटूला जसाच्या तसा देता येत नाही. पण शरीराबद्दल नवी गोष्ट कळली म्हणून त्यांची नोकरी गेली नाही, एवढं तरी खेळाने त्यांच्या प्रकरणातून घ्यावं.

शांती सौंदरराजनच्या वाट्याला ते आलं नाही. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या वीटभट्टी मजुरांची ही मुलगी. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिने ८०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं आणि लिंगतपासणीनंतर ते काढून घेण्यात आलं. मुलगी म्हणून जन्मापासून वाढलेल्या शांतीने कुणाला फसवलं नव्हतं. तरी तिच्या शरीराची चर्चा देशभर वर्तमानपत्रांत झाली आणि पुढे तिने जीव द्यायचाही प्रयत्न केला. तिची गोष्ट वाचताना मला आमच्याकडची ऊसतोड कामगारांची घरं दिसतात. मुकादमाची उचल घेतलेली, सहा महिने बिऱ्हाड कोयत्याबरोबर फिरतीवर. सोळाव्या वर्षीही पाळी का येत नाही, हे त्या घरातल्या पोरीने कुणाला विचारायचं?

ओडिशाची धावपटू दुती चंद हिला २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, टेस्टोस्टेरॉन जास्त आढळलं म्हणून वगळलं. ती भांडली, आणि २०१५च्या जुलैत क्रीडा लवादाने टेस्टोस्टेरॉनचा तो नियम स्थगित केला, कारण जागतिक ॲथलेटिक्स महासंघाचा पुरावा अपुरा होता. २०१८चा नियम ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना लागला. दुतीची १०० मीटर सुटली, दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याची ८०० मीटर अडकली. २०२३मध्ये तो सगळ्याच शर्यतींना लागला. सप्टेंबर २०२५पासून तर जागतिक क्रमवारीच्या स्पर्धेत स्त्री गटात उतरायचं, तर आयुष्यात एकदा, वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय जनुकाची चाचणी द्यावी लागते. गालाच्या आतून बोळा फिरवला की काम झालं, इतकी सोपी. मात्र १९९०मध्ये हे जनुक शोधणाऱ्यांपैकी एक असलेल्या अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला विरोध केला आहे. जनुक आहे, एवढंच चाचणी सांगते. शरीर टेस्टोस्टेरॉनला दाद देतं की नाही, हे सांगत नाही. अटलांटा ऑलिंपिकला, १९९६मध्ये, आठ खेळाडूंच्या तपासणीत हे जनुक आढळलं होतं आणि पुढच्या चौकशीनंतर आठही जणींना खेळू दिलं गेलं. ज्यांचं शरीर मुळीच दाद देत नाही, त्यांना आजच्या नियमातही सूट आहे. ती सूट सिद्ध होईपर्यंत गावात काय होईल, ते नियमात नाही.

गावात काय होतं, ते मी पाहिलं आहे. तालुका स्पर्धेत सतरा वर्षांखालच्या मुलींची ४०० मीटर संपली आणि पहिल्या आलेल्या आमच्या शाळेच्या मुलीकडे बोट दाखवून एका पालकाने गलका केला, ‘ही पोरगी नाहीच, तपासा हिला.’ आवाज थोडा जाड, केस बारीक कापलेले, अंग सडपातळ, एवढाच तिचा गुन्हा. मी प्रवेशअर्ज आणि जन्माचा दाखला पंचांपुढे ठेवला, त्यापलीकडे काहीही तपासू देणार नाही म्हणून सांगितलं. निकाल कायम राहिला. जिल्हा स्पर्धेला मात्र ती आली नाही. घरी गेलो तर आई म्हणाली, ‘सर, आता नको. पोरीचं लगीन करायचंय.’ २०११च्या जनगणनेत लहान वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली भरलेला हा जिल्हा आहे. इथे मुलीच्या शरीराबद्दल नुसता संशयही तिचं मैदान बंद करतो.

ट्रान्स स्त्रियांचा प्रश्न वेगळा आहे. पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना मार्च २०२३पासून ॲथलेटिक्सच्या जागतिक क्रमवारी स्पर्धांत स्त्री गटात बंदी आहे. त्या पातळीवर ती मला पटते. तोच नियम शाळेच्या मैदानापर्यंत उतरवणं मात्र मला क्रूर वाटतं. भरतीतही हाच प्रश्न आला. राज्यात डिसेंबर २०२२मध्ये पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवायचं आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे निकष ठरवायचं सरकारने उच्च न्यायालयात मान्य केलं, तेही आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल यांनी दाद मागितली म्हणून. निकष अवघड असतील, तरी ते मांडून ठेवणं ही सरकारची जबाबदारी आहे.

मुलींच्या बाबतीत माझं मागणं एवढंच आहे. चाचणी करायचीच असेल, तर ती राज्य पातळीच्या शिबिराआधी, जिल्हा रुग्णालयात, समुपदेशकासमोर व्हावी. कागद तिच्या आणि आईबापांच्या हाती जावा. माझ्यासारख्या शिक्षकाच्या, संघटनेच्या किंवा वार्ताहराच्या नव्हे. स्त्री गट बंद झाला, तरी तिचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती सुटू नये, प्रशिक्षक व्हायचा रस्ता तिला तेव्हाच दाखवावा. शांतीला तमिळनाडू सरकारने प्रशिक्षकाची कायम नोकरी दिली, ती दोह्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी.