अनेकान्त म्हणजे 'दोन्ही बरोबर' नव्हे

देवाने जग घडवले की उत्क्रांतीतून जीवसृष्टी झाली, हा वाद निघाला की आपल्या बायका निर्धास्त असतात. 'आपल्यात कर्ता ईश्वर नाहीच, विश्व अनादि-अनंत. मग हे भांडण आपलं नव्हेच!' हे स्वाध्यायात कितीदा तरी ऐकले आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याची कल्पना युक्तिवादाने खोडली, याचा मलाही अभिमान आहे. पण तेवढ्यावर भागत नाही.

कुणी म्हणते, 'अनेकान्ताने पाहिलं तर दोन्ही बरोबर.' अमेरिकेत याच थाटाचा कायदा झाला होता. १९८१ मध्ये लुइझियाना राज्याने ठरवले, शाळेत उत्क्रांती शिकवायची तर जोडीला सृष्टिनिर्मितीचे 'शास्त्र'ही शिकवायचे. दिसायला किती समतोल! १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्यामागचा हेतू धर्मप्रसाराचा होता. पुढे २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळेचा असाच खटला गाजला. उत्क्रांतीच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथॉलिक. देव आहे की नाही, यावर न्यायाधीशांनी निकाल दिलाच नाही. शाळेने पुढे केलेला विचार विज्ञान ठरत नाही, असे मात्र सांगितले.

मला हा विवेक अनेकान्ताच्या जवळचा वाटतो. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, तर 'अमुक अपेक्षेने'. शरीरे कशी बदलत गेली, हे जीवाश्म आणि डीएनए तपासून कळते. कुणाला दुखवू नये, हे प्रयोगशाळेत कळत नाही. तराजूने कापड मोजायला गेलो तर दोष कापडाचा नसतो.

आता अवघड भाग. विज्ञान आपल्याच बाजूचे आहे, असेही नाही हं! आपल्या शास्त्रात ऋषभदेवांची उंची ५०० धनुष्य आहे, जंबूद्वीपावर दोन सूर्य फिरतात. पाठशाळेतून आलेली मुलगी शाळेत एकच सूर्य शिकते आणि घरी विचारते, 'आजी, मग खरं काय?' तेव्हा 'असं विचारू नये, पाप लागतं' म्हणून आपण तिला बसवतो. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला, म्हणून आपण हसतो. आपण दंड करत नाही, गप्प करतो, एवढाच फरक.

यामागची भीती मला कळते. केवलज्ञानींच्या वाणीतले एक सोडले तर उरलेलेही हातचे जाईल, असे वाटते. पण विचार करा, सूर्य एक निघाला म्हणून मुंगी चुकवून पाय टाकणे कुणी सोडेल का? पाणी गाळणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे, क्षमा मागणे हे लोकरचनेच्या मापांवर उभे नाही. ते समोरच्या जीवालाही आपल्यासारखेच दुखते, या जाणिवेवर उभे आहे.

म्हणून मुलीला सरळ सांगावे, 'सूर्य एकच आहे बाळ, माणसांनी ते तपासून पाहिलंय. शास्त्रात दोन लिहिलेत, तेही खरंच. कुणी का लिहिले असतील, आपण दोघी वाचूया.' आज तिचा प्रश्न दाबला, तर उद्या ती अहिंसेबद्दलही आपल्याला काही विचारायला येणार नाही. मला त्याची जास्त काळजी वाटते.