मनुष्याचा हात

निसर्ग म्हणजे जेथे मनुष्याचा हात लागलेला नाही ते, अशी एक समजूत आपल्या मनात खोल रुजलेली आहे. अरण्य खरे, बाग खोटी. नदी खरी, कालवा खोटा. या समजुतीच्या पोटी दुसरी जन्म घेते : निसर्गाचे रक्षण करावयाचे म्हणजे मनुष्याला त्याच्यापासून दूर ठेवावयाचे. दोन्ही समजुती ऐकावयास उदात्त वाटतात. त्या खऱ्या आहेत काय, हे पाहावयाचे आहे. आणि ते अधांतरी पाहण्यापेक्षा एका स्थळाच्या आधाराने पाहिलेले बरे.

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना सह्याद्री दूर पडला, समुद्र त्याहून दूर. हिवाळ्यात दोन दिवसांची सुट्टी हाती लागली की आम्ही गाडी धरतो ती मथुरेपलीकडच्या भरतपूरची. तेथे केवलादेव नावाचे शंकराचे एक लहानसे देऊळ आहे. त्याच्या नावाने ओळखले जाणारे, सुमारे 29 चौरस किलोमीटरांचे पाणथळ रान आहे. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी दाटलेली असतात. सारसांची जोडी माना उंचावून एका सुरात साद घालते. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या मिरवणारे हंस हिमालयाची शिखरे ओलांडून येथे उतरलेले असतात आणि जणू काही विशेष घडलेच नाही अशा थाटात गवत खुडीत असतात. हे पाहून ज्याची वाचा क्षणभर बंद होत नाही, असा मनुष्य विरळा.

हा चमत्कार मनुष्याचा हात न लागलेला आहे काय? मुळीच नाही. भूमीला येथे नैसर्गिक उतार व खोलगटपणा होता हे खरे. परंतु अठराव्या शतकात भरतपूरचे राजे सूरजमल यांच्या काळी अजान बांध घातला गेला, म्हणून येथे पाणी साठू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने बंधारे, पाट आणि दारे बांधून त्या पाण्याची नीट व्यवस्था लावली. ती कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी. देवळाजवळ शिळा उभ्या आहेत. त्यांवर शिकारीची तारीख, पाहुण्याचे नाव आणि पडलेल्या पक्ष्यांची संख्या कोरलेली आहे. आम्ही कारकुनी पेशाची माणसे; रकाने दिसले की नजर आपोआप बेरजेकडे वळते. 1938 सालच्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीपुढे 4273 हा आकडा आहे.

येथे विचार करणाऱ्याने थबकावे. बंदूक धरणाऱ्या त्या पाहुण्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती असे म्हणता येणार नाही. पहाटेच्या धुक्यातून उठणारे थवे पाहून तेही हरखले असतील. म्हणजे विस्मय ही काही नीती नव्हे. विस्मयाने मनुष्य हात जोडतो, तसाच तो हात उगारतोही. निसर्गाच्या नुसत्या दर्शनाने मन उन्नत होते, असे आपण शाळेतील निबंधांपासून लिहीत आलो. केवलादेवच्या शिळा त्याला दुजोरा देत नाहीत.

पुढे काळ पालटला. शिकार थांबली, आणि 1982 साली ही जागा राष्ट्रीय उद्यान झाली. त्याबरोबर एक आदेश आला : आत गुरे चारावयाची नाहीत. भोवतीच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात उतरत होत्या. गावकरी विरोधासाठी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही माणसे प्राणांस मुकली. पक्ष्यांसाठी बांधलेल्या पाळीवर माणसांचे रक्त सांडले. आदेश मात्र कायम राहिला. कारण त्यामागे तीच उदात्त समजूत होती, की मनुष्य व त्याची गुरे बाहेर गेली म्हणजे निसर्ग आपोआप फुलेल.

तो फुलला नाही. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी 1980 नंतरची दहा वर्षे येथे निरीक्षण केले. म्हशी नाहीशा होताच पाण्यातील गवत बेसुमार माजले, उघडे पाणी आकसले, आणि ज्या पक्ष्यांना पोहावयास व मासे टिपावयास मोकळे पाणी लागते त्यांची अडचण झाली. ज्या म्हशीला आपण उपद्रव समजलो, ती त्या व्यवस्थेची एक राबणारी मोलकरीण होती. पुढे गवत कापून नेण्यास गावकऱ्यांना परवानगी द्यावी लागली. परंतु 1982 साली गेलेले प्राण कोणत्याही परवानगीने परत येणार नव्हते.

कोणी म्हणेल, हा युक्तिवाद धोक्याचा आहे. मनुष्य निसर्गाचाच अंश म्हटला, की जंगल तोडणारा आणि नदी नासवणारा उद्या हेच वचन पुढे करील. शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर मनुष्याला निसर्गाबाहेर काढण्यात नाही. जो अंश आहे त्याच्यावर जबाबदारी अधिक येते, कमी नव्हे. परका चुकला तर त्याला हाकलता येते. घरच्या माणसाला हिशेब द्यावा लागतो. गंभीर नदीवर वरच्या बाजूला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. तेथील शेतकऱ्याला पाणी हवे, आणि खाली केवलादेव कोरडे पडू लागले. शेतकरी दुष्ट नाही, पक्षीही अपराधी नाहीत. येथे ‘हात लावू नका’ हा उपदेश निरुपयोगी आहे, कारण पाण्याच्या दारावर कोणाचा तरी हात असणारच. तो हात दार उघडताना कोणाकोणाचे स्मरण ठेवतो, एवढाच खरा प्रश्न.

आणि हे स्मरण किती दूरवर न्यावयाचे? सैबेरियातील शुभ्र क्रौंच हजारो किलोमीटर उडून येथे हिवाळा काढीत. 1960 च्या दशकात ते सुमारे दोनशे होते. 2001-02 च्या हिवाळ्यात एक जोडी आली. त्यानंतर एकही नाही. त्यांच्या वाटेवर अफगाणिस्तान आणि पाकिस्तान होते, शिकारी होते, आटणारी तळी होती. भरतपूरने आपल्या हद्दीत सर्व काही बिनचूक केले असते तरी ते पुरले असते असे नाही. कुंपण आपल्या मालकीची जमीन दाखविते. आपले नाते कुठवर पोहोचते हे दाखविण्याची शक्ती त्याच्यात नाही.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच. निसर्गाशी आपला संबंध प्रेक्षकाचा नाही, मालकाचा नाही, आणि दाराबाहेर उभ्या केलेल्या पहारेकऱ्याचाही नाही. तो एकत्र कुटुंबातील भागीदाराचा आहे. अशा घरात कोणी ‘मी कशालाच हात लावीत नाही’ असे म्हणून पुण्यवान ठरत नाही. चूल पेटती ठेवण्यात त्याचा वाटा किती, हे विचारले जाते. केवलादेवच्या शिळांवर मारलेल्यांचे आकडे आहेत. न आलेल्या क्रौंचांचा आणि गोळीबारात पडलेल्या गावकऱ्यांचा रकाना त्यांवर नाही. तो मांडण्याचे काम दगडाचे नव्हे. ते आपले, जिवंत माणसांचे आहे.