पोच

वह्या मिटा. पेनं खाली ठेवा. आणि शेवटच्या बाकाखालून जे पोकेमॉनचं कार्ड फिरतंय ते दप्तरात जाऊ दे. आज बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

काल मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना मी ऐकलं, "पोस्टाने माझं कार्ड खाल्लं." ऐकून मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. गेल्या महिन्याभरात या वर्गाचे टपालाने केलेले कार्डांचे तीन व्यवहार नासले. तिन्ही पाकिटं मी मागवून पाहिली, तिघांशी एकेकटं बोलले. नाव कुणाचं घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

पहिलं पाकीट मुलुंडहून बोरिवलीला निघालं. पत्ता काय लिहिला होता? 'साईकृपा, स्टेशनजवळ, बोरिवली.' पूर्व की पश्चिम, नाही. खोली क्रमांक नाही. पिनकोड नाही. अरे, आपल्या उपनगरांत साईकृपा नावाच्या इमारती काय कमी आहेत? पाकीट भलत्याच साईकृपेत पोचलं. तिथल्या वॉचमनने भल्या मनाने ठेवून घेतलं, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीवर. अकरा दिवस तिथे पडून राहिलं, आणि मग उंदराने कोपरा कुरतडला. कार्ड खाल्लं ते उंदराने, आणि त्याच्यापुढे वाढून ठेवलं तुम्ही.

पिनकोड पाठ करायला सांगितला की तोंडं वाकडी होतात तुमची. हा क्रमांक देशाला दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृतचे पंडित आणि कवी, आपल्या मराठी मुलखातले. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड सुरू झाला. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, या सगळ्यांतून पत्राला वाट काढून देण्यासाठी त्यांनी हे सहा अंक बसवले. पहिला अंक विभागाचा, पहिले दोन मिळून टपाल मंडळाचे, तिसऱ्याने टपाल वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या पोस्टाचे. मुलुंड पश्चिम 400080, पूर्व 400081. बोरिवली पूर्व 400066, पश्चिम 400092. एक अंक चुकला की पाकीट रुळांच्या पलीकडे गेलं. महात्मा गांधी रोड मुलुंडलाही आहे आणि घाटकोपरलाही. नुसतं 'एम. जी. रोड' लिहून पोस्टमनने तुमच्या मनातलं ओळखायचं का?

दुसरं पाकीट घाटकोपरहून अंधेरीला गेलं, भर जुलैत. चकचकीत होलो कार्ड, साध्या पांढऱ्या लिफाफ्यात उघडंच टाकलेलं. वर 'हलू नये म्हणून' सेलोटेपने चिठ्ठीला चिकटवलेलं, आणि चिठ्ठी लिफाफ्याला स्टेपल केलेली. समोरच्या मुलीने सेलोटेप ओढली तशी कार्डाची वरची छपाईच सोलून आली. पिन टोचल्याचं भोक वेगळंच. आणि उरलेलं कार्ड पन्हाळीसारखं वळलेलं.

ते का वळलं, हे विज्ञानाच्या तासाला शिकलात, पण पाकीट भरताना आठवलं नाही. कार्डाचा कागद दमट हवेत पाणी शोषतो आणि फुगतो. वरचा चकचकीत थर फुगत नाही. एक बाजू वाढली, दुसरी तेवढीच राहिली, की कार्डाला बाक येणारच. मुंबईच्या पावसाळ्यात हे घरातल्या कपाटातही होतं, मग ओल्या थैलीतून आलेल्या लिफाफ्यात का होणार नाही?

आता नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. पोकेमॉनचं कार्ड 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर उंच असतं. ते आधी मऊ स्लीव्हमध्ये घालायचं. मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात. टॉपलोडरच्या तोंडावर चिकटपट्टी लावताना तिचं एक टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे उघडणाऱ्याला कात्री घुसवावी लागत नाही. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायचं. मग दोन्ही बाजूंना खोक्याच्या पुठ्ठ्याचे, कार्डापेक्षा मोठे तुकडे. एका पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे तो कुठल्याच बाजूने मोडत नाही. पत्ता पाण्याने न पसरणाऱ्या शाईने. स्टेपलरला हातही लावायचा नाही. वर लाल अक्षरांत 'नाजूक' लिहिलंत म्हणून आत पुठ्ठा उगवत नाही.

"बाई, खर्च होतो," असं म्हणाल. ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले, त्यात 50 ग्रॅमपर्यंत स्थानिक दर 19 रुपये आहे, वर कर. विद्यार्थ्यांना दहा टक्के सवलतही ठेवली आहे. थोडे पैसे जास्त भरून नोंदणी मागितली, तर पाकीट ज्याचं नाव त्याच्याच हाती देतात, वॉचमनकडे नाही. हजार रुपयांचं म्हणून मिरवता ते कार्ड, आणि दोन वडापावांचे पैसे वाचवायला ते साध्या लिफाफ्यात ढकलता?

पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता या दोघांपैकी एकानेही लिहिला नव्हता. ज्याला घेणारा सापडत नाही आणि परत जायला घर नाही, असं टपाल शेवटी परतपत्र कार्यालयात जातं. तिथे ते उघडून आत काही नाव-पत्ता मिळतो का ते पाहतात. तुमच्या लिफाफ्यात चिठ्ठी होती, आणि तिच्यावर नाव काय? 'तुझा भाऊ.' कोणाचा भाऊ? कुठला?

आणखी एक. परदेशातल्या मामाला 'गिफ्ट लिहून पाठव, कर लागत नाही' असं सांगणारे इथे बसलेत. डिसेंबर 2019 पासून परदेशातून भेट म्हणून करमुक्त वस्तू मागवता येत नाहीत, अपवाद फक्त राखीचा आणि जीवरक्षक औषधांचा. तुमचं कार्ड राखी नाही. पाकिटावर खोटं लिहायला मामाला शिकवू नका. पाकीट कस्टमने अडवलं तर रडत माझ्याकडे यायचं नाही.

आता तिसरा व्यवहार. त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढला तर चढू दे. ते पाकीट उत्तम बांधलेलं होतं. पत्ता पूर्ण, पिनकोड बरोबर. ते आठ तारखेला पोचलं. घेणाऱ्याने ते उघडलं, कार्ड अल्बममध्ये लावलं, आणि गप्प बसला. पाठवणाऱ्या मुलाने तीनदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "अजून आलं नाही." त्या मुलाने आपल्याकडचं दुसरं डबल कार्डही पाठवलं, पदरच्या पैशांनी. अल्बम माझ्या टेबलावर आहे. दोन्ही कार्डं त्यात शेजारी शेजारी आहेत.

कुरतडलेलं कार्ड मी माफ करीन. सोललेलं कार्डही माफ करीन, कारण तिथे कमी पडली ती अक्कल, आणि अक्कल शिकवणं माझं काम आहे. हे माफ करणार नाही.

मी तुमच्याएवढी होते तेव्हा बिग फनच्या बबलगममधून क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. मग कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं आली. आम्ही गल्लीतच अदलाबदल करायचो, समोरासमोर. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. तुमचा व्यवहार अवघड आहे, कारण समोरचा दिसत नाही. अंधेरीचा मुलगा मुलुंडच्या मुलाला कधी भेटलेला नसतो, तरी आपलं सर्वांत लाडकं कार्ड पाकिटात घालून पेटीत सोडतो. केवढा विश्वास आहे तो! कार्ड पाठवतो म्हणालात त्या क्षणी ते तुमचं राहिलं नाही. ते दुसऱ्याचं झालं, तुम्ही फक्त सांभाळताय. मग दुसऱ्याची वस्तू अशी सांभाळतात?

वस्तू मिळाल्याचं कळवणं म्हणजे पोच. माणसाची समज, तीही पोच. पोच न देणाऱ्या मुलाला पोच नाही असं लोक म्हणतील, आणि ते माझ्या वर्गातल्या मुलाबद्दल म्हटलेलं मला सहन होणार नाही.

म्हणून उद्या प्रार्थनेच्या आधी तीन पाकिटं माझ्या टेबलावर हवीत. पहिल्या दोघांनी आपल्या अल्बममधलं तोडीस तोड कार्ड घालायचं, मी सांगितलं तसं बांधून. तिसऱ्याने दुसरं कार्ड परत करायचं, सोबत स्वतःच्या अक्षरात पत्र, आणि त्यात पहिलं वाक्य हेच की तुझं पाकीट मला आठ तारखेलाच मिळालं होतं. पत्ता मी तपासणार. पिनकोडसकट.

आता भूगोलाची वही काढा.