बँजो आणि दहाची नोट



मागच्या गुरुवारी सत्संग आटोपून आम्ही पाच-सहाजणी राजवाड्याकडून चालत येत होतो. कोपऱ्यावर एक आजोबा बँजो वाजवत बसलेले. आपल्याकडचा बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचा, गणपतीच्या मिरवणुकीतला. बोलता बोलता आम्ही दहाची नोट टाकली आणि पुढे निघालो. एकीची नात बरोबर होती. तिने विचारलं, "आजी, ते काय वाजवत होते गं?" आम्हा एकीलाही सांगता येईना!

तेव्हापासून मनात घोळतंय. आपण दिलं ते दान की मोल? दान असेल तर त्यांनी वाजवायचं कशाला? आणि मोल असेल तर ऐकायला नको का?

त्या पोरीनेच मग मोबाइलवर डॉक वॉटसन ऐकवले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातले, जन्म १९२३ चा. तान्हेपणीच डोळे गेले. अकराव्या वर्षी वडिलांनी घरीच बँजो बनवून दिला, वर मांजराचं कातडं ताणलेलं. (आपल्याला ऐकून कसंसंच होतं, पण असो.) त्याच वडिलांनी दोघांनी ओढायच्या करवतीचं एक टोकही या आंधळ्या पोराच्या हातात दिलं. आपण कामाचे आहोत हे त्या करवतीने शिकवलं, असं डॉक पुढे सांगत.

मोठेपणी ते बून गावच्या रस्त्यावर वाजवून, पियानो सुरात लावून संसार चालवत. १९६० साली राल्फ रिंझलर नावाचे संग्राहक तिकडे दुसऱ्याच कलावंताचं ध्वनिमुद्रण करायला गेले होते. ट्रकच्या मागच्या भागात बसून ते बँजो वाजवत होते. डॉक पुढून उठून मागे आले, बँजो मागून घेतला आणि असा वाजवला की रिंझलर थक्क! पुढे ब्लूग्रास संगीतवाल्यांनी डॉकना, विशेषतः त्यांच्या गिटारला, फार मान दिला. बूनला त्याच कोपऱ्यावर २०११ साली त्यांचा पुतळा बसवला. त्यावर 'लोकांपैकीच एक' एवढंच लिहावं, ही त्यांचीच इच्छा.

हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, "भुकेल्याला आधी पैसे द्यावेत, पारख नंतर." तिचंही खोटं नाही. प्रत्येक वाजवणाऱ्यात डॉक थोडाच असतो? पण वडिलांनी पोराला नुसतं जेवू घालून बसवलं असतं तरी पोट भरलंच असतं. करवत दिली ती वेगळ्याच भुकेसाठी, असं आम्हाला वाटतं.

या गुरुवारी मुद्दाम थांबलो. पहिलं गाणं ओळखलं, दुसरं नाही. एक सूर सारखा चुकत होता. विचारलं तर म्हणाले, बटण अडकतंय. दुरुस्तीचं दुकान जवळच आहे, पण वाद्य तिथे ठेवलं तर दोन दिवस वाजवायचं काय?