खालच्या बारीक अक्षरांत

बीथोव्हेननं १७९६-९७च्या सुमारास दोघांनी मिळून वाजवायची एक रचना केली. एकाच्या हाती चेलो, दुसऱ्याच्या हाती व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जरा जाड आवाजाची थोरली बहीण. वर शेरा मारला की हिला दोन चष्मे अनिवार्य आहेत! वाजवणारे दोघंही चष्मेवाले असावेत असं अभ्यासक धरून चालतात. रचना अपुरीच राहिली. पहिला भाग छापून आला तो थेट १९१२ साली, दुसरा १९५२ साली, आणि संथ भागाचे नुसते चार-दोन तुकडे.

आता तुम्ही-आम्ही म्हणू, अहो, मग तो तुकडा पुरा करून टाका की! पण चिकित्सक आवृत्ती काढणारा संपादक मोठा खट माणूस. बीथोव्हेनचा टाक जिथं थांबला तिथं हाही थांबतो. एखादा स्वर संशयास्पद वाटला तरी गुपचूप सुधारत नाही. तळाला बारीक अक्षरांत टीप देतो. मी व्हायोलिन थोडंफार वाजवतो. (गोंदियात चेलोची साथ भाताच्या गिरण्यांच्या घरघरीवर भागवावी लागते.) गज वर उचललेला असताना टीप वाजवायची कशी, हे त्या भल्या माणसाला कोण सांगणार?

बरं, हा खटपणा काही साहेबाचाच नव्हे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं ते १९६६ साली पुरं झालं. देशभरच्या हस्तलिखित पोथ्या जमवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. त्यात डॉ. सुखटणकरांच्या आदिपर्वात व्यासांचा लेखनिक जो गणपती, तोच मूळ संहितेतून उठून परिशिष्टात जाऊन बसला. लक्षात घ्या, त्याला हाकलला नाही, खाली बसवला. नाहीतर आम्ही! आरतीतला गणपतीच्या कमरेचा नाग घरोघरी फळीवर चढवून मोकळे झालो, आणि टीप कुठंच नाही.

गेलेल्या माणसाचं बोलणं सुधारायचा हक्क कुणाला, हा प्रश्न मला आमच्याच घरात पडलाय. आईबाबा लग्नानंतर गोंदियाहून बालाघाटला निघाले, छोट्या लाइनच्या गाडीनं. वाटेत बाबांची छत्री खिडकीतून खाली पडली. बाबांच्या पाठाप्रमाणे त्यांनी चालत्या गाडीतून उडी मारली, छत्री उचलली आणि धावत पुन्हा डबा गाठला. आईचा पाठ असा : "काहून फेकता हो? गाडी उभीच होती. गार्डानं आणून दिली." पन्नास वर्षं हे दोघं मिळूनच चाललं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत सारसांची जोडी ओरडते ना, एकानं सुरुवात केली की दुसरा गप्प बसत नाही, तसं.

पोथ्या ताडणाऱ्यांचा एक नियम आहे. ज्या पाठातून बाकीचे पाठ कसे निपजले हे उलगडतं, तो जुना धरावा. उभी गाडी सांगता सांगता पळू लागते; पळती गाडी सहसा थांबत नाही. म्हणजे आईचं खरं. निकाल लागला!

पण आई गेली, आणि त्यानंतर पहिल्यांदा नातवंडांनी छत्रीची गोष्ट मागितली तेव्हा बाबा म्हणाले, "गाडी उभीच होती रे. गार्डानं दिली." पोरं हिरमुसली. मी बाबांकडे बघतच राहिलो. हे खरं आठवलं म्हणून बोलले, की तिची बाजू सांगायला आता कुणी नाही म्हणून? पुण्याचे पंडित या दुसऱ्या प्रकाराला सरळ प्रक्षेप म्हणतील. आणि त्यांनी मारलेली ती उडी? तिला परिशिष्टात ढकलायचा अधिकार मला नाही, त्यांनाही आहे की नाही कोण जाणे.

पोरांसाठी वहीत दोन्ही पाठ उतरून ठेवलेत. वर कुठला घालायचा, ते अजून ठरत नाही. छत्रीची मूठ वाकडी होती, एवढ्यावर मात्र सर्व प्रतींचं एकमत आहे.