मधमाशीचा घास

अंगणात मधमाश्यांसाठी फुले लावणे हे धर्मकार्य मानावे का? देवगाव रंगारीच्या परिसरात हा प्रश्न परका नाही. जवळच वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन अशी 34 लेणी एकाच डोंगरात आहेत, आणि तिन्ही परंपरांच्या ग्रंथांत मधमाशीचा दाखला येतो. धम्मपदातला मुनी फुलाचा रंग-गंध न बिघडवता रस नेणाऱ्या भुंग्यासारखा गावात फिरतो. जैनांच्या दशवैकालिक सूत्राचे पहिलेच अध्ययन, द्रुमपुष्पिका, साधूच्या भिक्षेला हाच दाखला देते. भागवताच्या अकराव्या स्कंधात तर मधमाशी अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी एक आहे. पैठणच्या एकनाथांची त्या स्कंधावरची टीका 1573 मध्ये काशीत पुरी झाली. भागवत माशीचा दोषही झाकत नाही: ती साठवते आणि साठ्यापायी जीव गमावते.

हा सारा उपदेश घेणाऱ्याला आहे. बाग करणारा गृहस्थ मात्र देणाऱ्या फुलाच्या बाजूचा. त्याच्यासाठी पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ आहे. जेवणाआधी गाईचा, कावळ्याचा घास काढण्याची रीत त्यातलीच. माशीसाठी राखलेले फूल हा त्याच जातीचा घास म्हणता येईल.

तो घास पुरायला हवा. देणारी घरे पुष्कळ असली तरच भिक्षू कोणा एकाला जड होत नाही. म्हणून तुळस, एकेरी पाकळ्यांचा झेंडू, फुलावर सोडलेली कोथिंबीर असे नाना प्रकारचे फुलणे हवे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाणी घालून जगवलेल्या तुळशीची मंजिरी फार मोलाची.

पण जुना दाखला एका जागी अपुरा पडतो. लाल भोपळ्याचे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटते. नर आणि मादी फुले वेगळी. तेवढ्या वेळात माशीने पराग पोचवला नाही, तर मादी फुलामागचे इवलेसे फळ पिवळे पडून गळते. माशी नुसती इजा टाळत नाही, ती फळ देऊन जाते. इथे दाता कोण आणि याचक कोण, हे ठरवता येत नाही.

पूजेसाठी सगळ्या मंजिऱ्या, सगळ्या कळ्या सकाळीच खुडल्या तर माशीला काही उरत नाही. काही झाडावरच राहू देणे देवाला कमी करणे नव्हे. फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारणे मात्र सरळ हिंसा आहे, कारण माशीला तिथे बोलावलेले असते. मधाविषयी परंपरांचे एकमत नाही: जैन श्रावक तो वर्ज्य मानतो, पंचामृताला तो लागतोच. मधाच्या आशेने केलेली लागवड हा चांगला व्यवसाय आहे; भूतयज्ञात ती मोडत नाही.