तान्ह्या बाळाचे देणे

उसने घेतलेले पैसे परत करायचे असतात, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. देणारा दारात येऊन मागतो. परंतु ज्याला मागताच येत नाही, त्याचे देणे आपण कसे ओळखणार? घरातल्या तान्ह्या बाळाला आपण दूध, लस, झबली-टोपरी सारे वेळेवर देतो. एवढ्याने आपले कर्तव्य पुरे होते का?

बाळ शिकते कसे, ते आधी पाहू या. नुकत्याच चालू लागलेल्या मुलांची पावले काही अमेरिकन संशोधकांनी मोजली. २०१२ साली त्यांनी आकडे प्रसिद्ध केले: तासाला सरासरी २,३६८ पावले आणि १७ वेळा पडणे! चमच्याचेही तसेच. नऊ महिन्यांचे बाळ चमचा कसाही उचलते आणि पुष्कळदा दांडाच तोंडात घालते. दीड वर्षाच्या सुमारास मात्र दांडा कोणत्या बाजूला आहे ते पाहून ते हात पुढे करू लागते. ही समज सांडलेल्या पेजेतूनच येते.

भाषेचे काय? इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो, पण वर्षाचे होईतो बहुतेकांची ती जाण मावळते, असे कॅनडातील संशोधकांना १९८४ साली आढळले. ते उच्चार त्यांच्या कानी पडलेलेच नसतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग आहे. नऊ महिन्यांच्या बाळांशी समोर बसून चिनी भाषेत बोलले गेले, तेव्हा तिचे उच्चार ती ओळखू लागली. तेच बोलणे टीव्हीवर दाखवले, तेव्हा मात्र ती काहीच शिकली नाहीत.

म्हणजे बाळाला आपला वेळ आणि आपला धीर हवा असतो. नेमक्या याच दोन गोष्टींची आपल्याकडे टंचाई आहे. सांडलवंड नको म्हणून आपण भरवतो, पडेल म्हणून कडेवरून उतरवत नाही आणि रडू नये म्हणून मोबाइल हाती देतो. यात माया नसते असे नाही, पण आपली सोय अधिक असते.

‘सकाळची लोकल गाठणाऱ्या आईने काय करावे?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात, अनाथालयांतील काही मुलांना चिठ्ठ्या टाकून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. अनाथालयात राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची बुद्धी व भाषा अधिक वाढली. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळाले, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. त्यांना वाढवणारे त्यांचे जन्मदाते नव्हते! तेव्हा हे देणे एकट्या आईच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ते बाबांचे, आजी-आजोबांचे, मावशी-काकांचे आणि शेजारचेही आहे. कादोडीत, वाडवळीत, जी बोली तोंडी असेल तिच्यात त्याच्याशी बोलावे.

आपण सतरा वेळा पडलो, तेव्हा कुणीतरी जवळ बसून होते. ते आपल्याला आठवत नाही आणि त्या माणसांना ते फेडताही येत नाही. ते देणे पुढच्या बाळालाच द्यायचे असते.